हेल्मेट कुणाच्या डोक्यावर?

पहाटे साडेपाचच्या सुमारास पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर उभं राहिलं, की दोन तऱ्हेच्या सायकली जाताना दिसतात. एक गिअरची, बारीक टायरची, खडकवासल्याकडे निघालेली. तिच्यावरच्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट, हातांत मोजे, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा. दुसरी काळी, दांडीची, हँडलला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवलेली. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनची. त्याच्या डोक्याला थंडीत कानटोपी, उन्हाळ्यात रुमाल, पावसात प्लास्टिकची पिशवी. रस्ता दोघांचा तोच, खड्डे तेच, मागून येणारा डंपरही तोच. पहिला आठवड्यातून दोन-तीनदा निघतो आणि उजाडल्यावर परततो. दुसरा बाराही महिने निघतो, अंधारात निघतो, आणि त्याच्या सायकलला बहुधा दिवाही नसतो.

‘त्याला कुठे एवढं कळतं’ असं म्हणून हा विषय संपवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मुळीच मान्य नाही. निरनिराळ्या देशांतल्या शहरी सायकलस्वारांबद्दल जे अभ्यास झाले आहेत, त्यांतून वेगळंच काही दिसतं. माणूस किती शिकलेला आहे किंवा किती घाबरट आहे यापेक्षा, सायकल त्याच्या दिवसात कशासाठी येते यावर त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट ठरतं. सायकल हा ज्याचा छंद आहे, तो सायकलसाठी वेगळे कपडे घालतो, आणि त्या पोशाखाबरोबर हेल्मेट येतं. सायकल ही ज्याची फक्त जायची-यायची सोय आहे, तो आहे त्या कपड्यांत निघतो. त्याच्या निघण्यात हेल्मेटला जागाच नसते.

नॉर्वेतल्या संशोधकांना हा फरक एका वेगळ्याच प्रश्नाचा माग काढताना सापडला. हेल्मेट घातलं की माणूस निर्धास्त होतो आणि जास्त धोका पत्करतो, असा एक जुना दावा आहे. अस्लाक फ्यूरी, टॉर्केल ब्यॉर्नस्काऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सायकलस्वारांचे सरळ दोन गट पडले. एक गट वेगाची आवड असलेला, हेल्मेटसकट भरपूर साज बाळगणारा. दुसरा साध्या सायकलवरून, साध्या कपड्यांत, हळू जाणारा. पहिल्या गटात अपघात जास्त होते, पण त्याचं कारण त्यांचा वेग होता. हेल्मेट आणि वेग या दोन्ही गोष्टी एकाच तऱ्हेच्या माणसाकडे होत्या, एवढंच.

हे ध्यानात घेतलं नाही तर आकडे माणसाला फसवतात. नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलस्वारांत हेल्मेट घालणारे अगदी तुरळक. तिथे एकदा रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यातलं हेल्मेटवाल्यांचं प्रमाण रस्त्यावरच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त निघालं. यावरून हेल्मेट घातल्याने माणूस रुग्णालयात जातो, असा निष्कर्ष काढणारे निघाले. खरी गोष्ट अशी की त्या देशात हेल्मेट घालतात ते शर्यतीच्या सायकलींवर किंवा जंगलवाटांवर भरधाव जाणारे लोक, आणि पडतातही तेच जास्त. भाजी आणायला, कचेरीत जायला, मुलाला शाळेत सोडायला निघालेला डच माणूस बोडक्यानेच जातो. त्याच्यासाठी मोटारींपासून वेगळा राखलेला सायकलमार्ग आहे, चौकात त्याचा स्वतंत्र सिग्नल आहे, आणि मोटार चालवणारा बहुतेक वेळा स्वतःही सायकल चालवणारा आहे.

हेल्मेट आणि शर्यत यांचं नातं मात्र फार जुनं नाही. सायकलसाठी कठीण कवचाचं आणि आत फोमचं अस्तर असलेलं पहिलं यशस्वी हेल्मेट अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९७५ साली बाजारात आणलं. त्याआधी शर्यतपटू कातडी पट्ट्यांची जाळीदार टोपी घालत. डोक्याला खरचटू नये, एवढाच तिचा उपयोग. नवी हेल्मेटं आली तरी युरोपातल्या व्यावसायिक शर्यतपटूंना ती नको होती. घाम येतो, जड होतात, चढावर जीव गुदमरतो, अशा त्यांच्या तक्रारी. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने सक्ती करून पाहिली, तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत खेळाडूंनी बंड केलं आणि महासंघाने माघार घेतली. १९९५ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये इटलीचा फाबिओ कासारतेल्ली पिरेनीज पर्वतातल्या उतारावर पडून डोक्याला मार लागून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सगळं सायकलजग हळहळलं, तरी नियम झाला नाही. मार्च २००३ मध्ये त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव्ह पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. मे महिन्यात सक्ती झाली. सुरुवातीला शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढून ठेवायची सवलत होती, पुढे तीही गेली.

जगातल्या सर्वांत निष्णात आणि सर्वांत जास्त धोका पत्करणाऱ्या सायकलस्वारांनी बारा वर्षं हेल्मेट टाळलं, हा इतिहास मला फार बोलका वाटतो. धोका म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सोबतचा खेळाडू पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तरी सवय बदलली ती हेल्मेटशिवाय शर्यतीत उतरताच येईना तेव्हा. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोडक्याने शर्यत करणारा खेळाडू जुन्या फोटोंपुरता उरला. टीव्हीवर ते पाहून हौशी सायकलस्वारांनी हेल्मेट घातलं. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या सायकल क्लबांत आज जी शिस्त दिसते, तिची मुळं इथे आहेत. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ‘बीआरएम’ या लांब पल्ल्याच्या सायकल-सफरी असोत, नाहीतर पुण्याहून गोव्याला जाणारी ‘डेक्कन क्लिफहँगर’, हेल्मेटशिवाय तिथे निघूच देत नाहीत. नव्याने आलेला माणूस पहिल्याच रविवारी बघतो की सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे. त्याला उपदेश करावा लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला भाड्याच्या सायकली आहेत. अमेरिकेतल्या बोस्टन आणि वॉशिंग्टन या शहरांत अशी सेवा सुरू झाल्यावर ख्रिस्तोफर फिशर आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी चौकाचौकांत माणसं उभी करून तीन हजारांवर सायकलस्वारांची नोंद घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत स्वतःच्या सायकलवरून जाणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. भाड्याच्या सायकलवरच्या पाच जणांपैकी जेमतेम एकाच्या. शहर तेच, चौक तेच. फरक पडला तो निघण्याच्या तऱ्हेमुळे. आपली सायकल आपण घरातून काढतो, तेव्हा दाराजवळच्या खुंटीवरचं हेल्मेट हाताशी असतं. भाड्याची सायकल घेणारा बहुधा सायकलवर जायचं ठरवून घराबाहेर पडलेलाच नसतो. मेट्रोतून उतरतो, समोर सायकल दिसते, पंधरा मिनिटांचा रस्ता असतो, घेतो. एवढ्यासाठी दिवसभर हेल्मेट हातात वागवणारा माणूस विरळा. शिवाय परक्या माणसाच्या घामाने ओलं झालेलं हेल्मेट घालायला कुणाचंही मन धजत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला याची किंमत मोजावी लागली. व्हिक्टोरिया राज्याने जुलै १९९० मध्ये सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं होतं, आणि १९९२ पर्यंत देशभर तसे कायदे झाले. २०१० मध्ये मेलबर्नने भाड्याच्या सायकली सुरू केल्या. त्यांच्यासाठी दुकानांतून स्वस्तात हेल्मेटं विकली, पुढे सायकलींवरच फुकट अडकवून ठेवली. तरी सेवेने कधी जोर धरला नाही आणि २०१९ च्या अखेरीस ती बंद पडली. हेल्मेटचा कायदा हे एकच कारण नसेल, पण डब्लिनमध्ये २००९ साली सक्तीविना सुरू झालेली सेवा लोकांनी उचलून धरली, हे पाहता ते मोठं कारण असावं असं मला वाटतं. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये ‘एकोबिसी’ सुरू करताना शहरातला हेल्मेटचा नियमच काढून टाकला. पुण्यात २०१७ च्या अखेरीस विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये फोनवरून कुलूप उघडणाऱ्या सायकली आल्या. पुढे रंगीबेरंगी सायकलींच्या आणखी कंपन्या आल्या, बऱ्याचशा गेल्याही. आपल्याकडे हेल्मेटचा नियम आडवा नव्हता. तरी त्या सायकलींवरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाठीवर सॅक असे, कानात गाणी असत, डोकं उघडं असे.

आता हेल्मेट नेमकं काय करतं ते पाहू. ‘मी काय शर्यत लावतो का, हळूच तर चालवतो’ हे सगळ्या देशांतल्या साध्या सायकलस्वारांचं ठरलेलं उत्तर आहे, आणि त्याची दखल घ्यायलाच हवी.

सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. तिथून ते खाली आलं, की जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी जवळपास वीस किलोमीटर होतो. सायकल त्या वेळी उभी होती की पंचविसाच्या वेगाने धावत होती, याने खाली पडण्याच्या या वेगात फरक पडत नाही. तो गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आहे. म्हणजे सिग्नलला पाय टेकताना तोल गेलेल्या आजोबांचं डोकं डांबरावर त्याच वेगाने येतं, ज्या वेगाने वळणावर घसरलेल्या शर्यतपटूचं येतं. युरोपातल्या हेल्मेटची चाचणी नेमकी हेच धरून बेतलेली आहे. हेल्मेट घातलेला डोक्याचा साचा सपाट लोखंडावर सेकंदाला ५.४२ मीटर या वेगाने आदळवतात, आणि साच्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींच्या आत राहावा लागतो. हे साधतं ते आतल्या थर्माकोलसारख्या फोममुळे. उघडी कवटी डांबरावर जवळजवळ जागच्या जागी थांबते. फोम चेपत जातो आणि डोक्याला थांबायला एखाद-दुसरा सेंटिमीटर जास्त मिळतो. तेवढ्याने मेंदूला बसणारा झटका पुष्कळ कमी होतो. चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं.

याचा फायदा किती, यावर एकेकाळी कडाक्याचे वाद झाले. जेक ऑलिव्हियर आणि प्रुडन्स क्रायटन या संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून २०१६ साली मांडलेला हिशेब आज सर्वसाधारणपणे ग्राह्य मानला जातो. अपघातात जखमी झालेल्या सायकलस्वारांत, हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची दुखापत होण्याची शक्यता जवळपास निम्मी, आणि गंभीर दुखापतीची शक्यता त्याहूनही कमी आढळली. पण हेल्मेटची चाचणी फक्त पडण्याची आहे. डंपरच्या चाकापुढे ती काही कामाची नाही, आणि हेल्मेट विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं.

मग सगळ्यांना सक्ती का करू नये? मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट बंधनकारक करतं. पायडलची सायकल त्यात येत नाही. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत दुचाकीस्वारांवर त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोध करणाऱ्या कृती समितीची आंदोलनं सगळ्यांनी पाहिली. मोटारसायकलच्या बाबतीत मी सक्तीच्या बाजूचा आहे. तिथे वेग आहे, परवाना आहे, नंबरप्लेट आहे. सायकलचं तसं नाही. अमेरिकेत सिएटल शहर ज्या किंग काउंटीत येतं, तिथे सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती होती. दंडाच्या पावत्या तपासल्या, तेव्हा त्या बेघर लोकांना आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांना त्यांच्या संख्येच्या मानाने फार जास्त फाडल्या गेल्याचं आढळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथली सक्ती रद्द झाली. आपल्याकडे असा नियम झाला, तर चौकात कोण अडवला जाईल हे सांगायला पाहणीची गरज नाही. पहाटेचा गिअरवाला तर हेल्मेट घालूनच निघालेला असतो. नॉर्वेच्या अभ्यासकांनी आणखी एक भीती बोलून दाखवली होती. सक्तीने सायकल सोडून देतात ते हळू जाणारे, सर्वांत सुरक्षित सायकलस्वार.

दंड न करता सवय लागू शकते, याचा दाखला डेन्मार्कने दिला आहे. तिथेही सायकल रोजच्या वापराची, तिथेही सक्ती नाही. २००४ साली शहरांतल्या शंभर सायकलस्वारांत हेल्मेट घातलेले सहाच्या आसपास असत. पुढच्या अठरा वर्षांत हे प्रमाण वाढून शंभरात पन्नासच्या आसपास गेलं. आधी शाळकरी मुलं घालू लागली, मग ती मोठी झाली आणि त्यांची सवय टिकली. दरम्यान हेल्मेटचं रूपही बदललं. शर्यतपटूची टोकदार, भोकाभोकांची टोपी मागे पडून साडी, कोट, ऑफिसचा शर्ट अशा कशावरही शोभेल असं गोल, साधं हेल्मेट दुकानांत आलं.

जपानची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिथे एकाच कायद्याखाली प्रांताप्रांतांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एप्रिल २०२३ पासून तिथे सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा ‘प्रयत्न करावा’ असा कायदा आहे. न घातल्यास दंड नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय पोलिसांनी देशभर नोंद घेतली, तर सरासरी १३.५ टक्के निघाली. पण एहिमे प्रांतात जवळजवळ साठ टक्के लोकांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, आणि निइगातामध्ये अडीच टक्केही नव्हतं. एहिमेने वेगळं काय केलं होतं? २०१५ च्या जुलैपासून प्रांताच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांत सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांना हेल्मेट आवश्यक केलं, आणि ती हेल्मेटं विद्यार्थ्यांना प्रशासनाने पुरवली. पोरांना लाज वाटायची सोय उरली नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांच्याच डोक्यावर हेल्मेट होतं. आठ वर्षांनी ती मुलं कामाला लागलेली होती, आणि सगळ्या प्रांताचा आकडा वर गेला होता.

हे सगळं वाचताना माझं मन पुन्हा पुन्हा भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांच्या फाटकापाशी जातं. बांधकामाच्या साइटवर किंवा कारखान्यात शिरताना कामगाराच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट असतं. ते त्याला आतून मिळतं, ते घातल्याशिवाय सुपरवायझर आत सोडत नाही, आणि तोही आढेवेढे न घेता घालतो. संध्याकाळी तो ते फाटकाशी ठेवतो, कॅरिअरला डबा लावतो आणि ट्रक-ट्रेलरच्या रस्त्यावर उघड्या डोक्याने सायकल काढतो. ज्याला ‘कळत नाही’ असं आपण म्हणतो, त्याने दिवसाचे आठ-दहा तास हेल्मेट घालून काम केलेलं असतं. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेर काम करणाऱ्या भारतीयांपैकी जवळपास १३ टक्के लोक कामाला सायकलने जातात, आणि आपल्या रस्त्यांवर दरवर्षी हजारो सायकलस्वार मरतात. कामगाराच्या डोक्याची मालकाला असलेली काळजी मात्र फाटकाशी संपते. साइटचं पिवळं हेल्मेट सायकलसाठी चालत नाही, ते वरून पडणाऱ्या विटेसाठी असतं, हे खरं. पण सायकलचं साधं, चाचणी झालेलं हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास येतं. बूट आणि गणवेश देणाऱ्या मालकाला ते जड नाही. त्याबरोबर सायकलच्या मागे एक लाल दिवा द्यावा. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला माणूस दिसणं हे हेल्मेटच्याही आधीचं आहे.

शहरांत आता आणखी एक नवा सायकलस्वार आला आहे. अडीचशे वॉट आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक दुचाकीला आपल्या नियमांनुसार नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही, हेल्मेटचं कलमही लागू होत नाही. खाणं आणि किराणा पोचवणारी पुष्कळ मुलं अशा भाड्याच्या गाड्यांवर दिवसभर फिरतात. ती कायद्याने सायकलवाली आहेत आणि रस्त्यावर मोटारसायकलींच्या गर्दीत आहेत. त्यांच्या पाठीवरची रंगीत पेटी आणि अंगावरचा टी-शर्ट कंपनीकडून आलेला असतो. हेल्मेटही त्याच पुडक्यात यायला हवं, आणि पोचवण्याच्या घाईत ते काढून ठेवायची वेळ येऊ नये एवढा वेळ प्रत्येक ऑर्डरला मिळायला हवा.

शाळांपासून सुरुवात करायची तर महाराष्ट्रात तयार वाट आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. त्या सायकलींनी कितीतरी मुलींचं शिक्षण टिकवलं. त्याच रकमेत हेल्मेटचे पैसे धरले, तर शहरांतल्या शाळांनाही एक नमुना मिळेल. हेल्मेट निवडताना मात्र मुलींना विचारावं लागेल. दोन वेण्या वर बांधलेल्या डोक्यावर बाजारातली पुष्कळ हेल्मेटं नीट बसत नाहीत. ती मागे सरकतात आणि कपाळ उघडं पडतं, आणि पुढे तोंडावर पडणाऱ्या मुलीला कपाळावरच मार बसतो. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं यावी, पट्टे कानाखाली जुळावेत, हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा उरावी. शाळेच्या पहिल्या आठवड्यात पीटीच्या तासाला एकेकीच्या डोक्यावर हे बसवून पाहायला एक दुपार पुरते.